काढलं ते मालकाच्या हातात

माझ्या हातात पाना दिसला की लोक खिशातून मोबाइल काढतात. म्हातारी बाई, नेसलेलं लुगडं, कोपरापर्यंत काळे हात आणि समोर बारदान्यावर उघडी पडलेली फटफटी. फोटो काढतात, "एक नंबर, अक्का" म्हणतात आणि चालू लागतात. या सगळ्यांत एकानेही आजवर विचारलं नाही की अक्का, ही गाडी बिघडली कशानं? माझा कसला फोटो काढता? बाईच्या हाताला पाच बोटं असतात हे तुम्हाला आज कळलं का?

या अंकाचे संपादक आले तेव्हा त्यांनीही आधी फोटोच काढला. मग म्हणाले, पुरुषांच्या क्षेत्रात तुम्ही भरारी मारलीत, त्यावर लिहा. मी म्हणाले, मी कसली भरारी मारते? जन्मभर बारदान्यावर मांडी घालून बसले, गुडघे गेले. लिहायचंच तर गाड्यांचं लिहीन आणि गाडीवाल्यांचं लिहीन. गाडीवाल्यांचं वाचून कुणाला राग आला तर येऊ द्या, मलाही पुष्कळ आलेला आहे. माझी शाळा चौथीपर्यंत. तेवढीत जे लिहिता येतं ते लिहिते.

माझे वडील पूर्णेला रेल्वेच्या शेडमध्ये फिटर होते. ड्यूटी संपली की घरी मास्तर, ग्रामसेवक, कापडवाले यांच्या फटफट्या दुरुस्त करायचे. दुकान वगैरे नव्हतं. दारापुढच्या लिंबाखाली बारदाना अंथरला की झालं दुकान. कार्बोरेटरच्या आतलं काम करायला बारीक बोटं लागतात. भाऊ शाळेत जायचे आणि मी घरी होते, म्हणून बोटं माझी. मला कुणी शिकवलं नाही. मला वापरलं, आणि वापरता वापरता मला यायला लागलं.

आमची वस्ती बौद्धांची. गावातल्या बड्या घरची गाडी आमच्या हातून दुरुस्त झालेली चालायची, आमच्या घरचं पाणी चालायचं नाही. उन्हात उभे राहायचे, ओठ सुकायचे, पण तांब्याकडे बघायचे नाहीत. आणि गाडी नेल्यावर दोन दिवसांनी परत येऊन म्हणायचे, "माझा नवा प्लग काढून तू जुना घातलास." आमच्यावर आळ घ्यायला पुरावा लागत नसे. तेव्हा वडिलांनी एक नियम केला. रेल्वेच्या शेडमध्ये जुना भाग जमा केल्याशिवाय नवा मिळत नसे, त्यावरूनच त्यांना सुचलं असावं. गाडीतून जे निघेल ते मालकाच्या हातात द्यायचं. जळका प्लग असो, फुटका वॉशर असो, टाकीतला चिमूटभर गंज असो. मालकाला समोर बसवायचं, काढलेलं त्याच्या तळहातावर ठेवायचं, त्याने बघितलं की मगच पुढचं काम. लोक हसायचे. "ही घाण आमच्या हातावर कशाला?" म्हणायचे. वडील म्हणायचे, "तुमचीच हाय. घ्या." त्यानंतर आळ बंद झाले. पाणी मात्र चालू झालं नाही.

लग्न होऊन मी गंगाखेडला आले. नवऱ्याचं सायकलचं दुकान होतं. माणूस स्वभावाने चांगला, पण पंक्चरच्या पुढे त्यांचा हात चालत नसे. दुकानावर फटफटी आली की ते ती मागे अंगणात पाठवायचे. अंगणात मी काम करायची आणि बाहेर ते गिऱ्हाइकाशी गप्पा मारायचे. सगळ्या गावात त्यांचं मिस्त्री म्हणून नाव झालं. त्यांनी स्वतः कधी मी केलं असं म्हटलं नाही, आणि बायकोनं केलं असंही म्हटलं नाही. ते वारले तेव्हा सांत्वनाला आलेले लोक मला म्हणाले, "आता आमच्या गाड्या कोण बघणार?" माझ्या नखांतली काजळी त्या दिवशीसुद्धा गेली नव्हती, पण ती कुणाला दिसली नाही. पुढे कितीतरी दिवस लोक दारात येऊन विचारायचे, "घरात कुणी गडीमाणूस न्हाई का?" मी म्हणायची, "गाडीला मिस्त्री पायजे का गडी पायजे ते आधी ठरवून या."

मी जुन्याच गाड्या बघते. उजव्या पायाला गियर आणि डाव्या पायाला ब्रेक असलेल्या, दोन माणसांएवढ्या वजनाच्या, लांबच्या प्रवासाला निघालेल्या माणसासारख्या दमादमानं चालणाऱ्या. अशी गाडी नुसती किक मारून चालू होत नाही. आधी किक हळूच दाबायची, ती घट्ट लागली की हँडलवरचा छोटा खटका ओढून आतली हवा सोडायची, किक अजून थोडी खाली न्यायची, खटका सोडायचा, आणि मग पूर्ण अंगाचा भार देऊन मारायची. यातलं काही चुकलं तर किक उलटी येते आणि घोटा फोडते. गाडी लबाडी करत नाही. जशी वागणूक द्याल तशी परत देते.

म्हणून वडिलांच्या नियमाला मी माझा एक जोडला. गाडी न्यायला येईल त्याने ती माझ्यासमोर मधल्या स्टँडवर चढवायची आणि स्वतः किक मारून चालू करायची. ज्याला हे जमत नाही त्याच्या ताब्यात मी गाडी देत नाही, मग तो कुणाचाही कोण असो. एका पुढाऱ्याचा जावई होता, त्याच्याकडून स्टँड लागेना. म्हणाला, "मी कोण हाय माहीत हाय का?" मी म्हणाले, "गाडीला माहीत न्हाई." चिडून गेला. दुसऱ्या दिवशी त्याच्या शेतावरचा सालगडी आला, त्याने एका दमात चढवली. गाडी मी त्या सालगड्याला दिली.

गिऱ्हाइकं कशी कशी असतात ते सांगते. पोरं येतात, म्हणतात सायलेन्सरच्या आतली नळी काढून टाका, आवाज पायजे. मी विचारते, "आवाज कशाला पायजे?" "लोकांनी बघावं म्हणून." "लोकांनी बघावं असं काही काम कर की मग." निघून जातात, दुसरीकडून काढून घेतात, आणि मग माझ्याच गल्लीतून मुद्दाम फिरतात. काही जण दर आठवड्याला गाडी धुवायच्या सेंटरला नेतात. तिथं जोराच्या पाण्याने इंजिनाच्या फटीफटीत पाणी घुसवतात, आणि गाडी चालू होत नाही म्हणून माझ्याकडे ढकलत आणतात. अरे, गाडी का म्हैस आहे? फडक्याने पूस. देवगाव फाट्याकडून एक जण आला, त्याला नव्या हॉटेलासमोर खांबावर ठेवायला जुनी फटफटी हवी होती. म्हणाला, "चालू नसली तरी चालंल, इंजिन तुमीच काढून ठिवा." मी म्हणाले, "मग सुताराकडून लाकडाची करून घे, तिला गंज बी लागणार न्हाई." चालणाऱ्या वस्तूला मुद्दाम मारून शोभेला लावायचं, हे मला कधी कळलं नाही. कळून घ्यायचंही नाही.

हे सगळे राग मी गिळले. एक राग मात्र अजून घशातच आहे, तो लिहायचा म्हणूनच मी हे कागद घेतले.

आमच्या पलीकडच्या गल्लीत दगडू गुरुजी राहतात. जिल्हा परिषदेच्या शाळेत हेडमास्तर होते. नोकरीच्या सुरवातीला त्यांना नाल्यापलीकडचं गाव मिळालं, जिथं एसटी जात नव्हती. तेव्हा त्यांनी फटफटी घेतली आणि तीच आजपर्यंत ठेवली. दरवर्षी दसऱ्याला ते त्या गाडीवर नागपूरला दीक्षाभूमीला जातात. गाडीच्या दोन्ही बाजूंना पत्र्याच्या पेट्या करून घेतल्यात. एकीत कपडे, दुसरीत सामान: जास्तीचा प्लग, क्लचची तार, चेनचा जोड, पाने. गुरुजींची बायको होती तोवर ती मागे बसून जायची. आता ते एकटे जातात.

माझ्या सगळ्या गिऱ्हाइकांत हा एक माणूस असा, की घरी करण्यासारखं काम घरीच करतो. मी सगळ्यांना सांगते, की दर रविवारी गाडीपाशी थोडा वेळ बसा. ऑइल बघा. चेन रॉकेलने पुसून तिला तेल द्या. प्लग काढून बघा. चहाच्या रंगाचा असेल तर गाडी ठीक, काळा असेल तर पेट्रोल जास्त जातंय, पांढरा असेल तर कमी. टॅपेटचं, म्हणजे इंजिनाच्या झडपा उचलणाऱ्या सळयांचं, झाकण उघडून त्या सळया बोटाने फिरवून बघा. इंजिन गार असताना सळई बोटांत फिरली पाहिजे, पण वरखाली हलता कामा नये. एवढं केलं तर माझ्याकडे वर्षात एकदाच यावं लागेल. ऐकतं कोण? गुरुजींनी ऐकलं. वही-पुस्तकाचा माणूस, पण रविवारी गाडीसमोर बसला की बनियनवर बसतो आणि कुणी हाक मारली तरी ओ देत नाही.

मागच्या ऊस हंगामात गुरुजी पडले. कारखान्याच्या रस्त्यावर ट्रॉलीतून पडलेला ऊस होता, त्यावरून चाक घसरलं. मनगट सुजलं, दुसरं काही झालं नाही. गाडी मीच सरळ केली. त्यानंतर पावसाळ्यात एक दिवस त्यांचा मुलगा मिलिंद माझ्याकडे आला. मिलिंद परभणीला एका कचेरीत कारकून आहे, रोज रेल्वेने जाऊन येऊन करतो.

"जयभीम, अक्का."

"जयभीम. बस. गाडी कुठाय?"

"गाडी न्हाई आणली. काम गाडीचंच हाय पण." त्याने मागे वळून बघितलं. "अक्का, आप्पाची गाडी समजा बिघडली, तर ते तुमच्याकडंच आणतील ना?"

"बिघडली का?"

"न्हाई अजून. पण बिघडली, तर तुमी म्हणा सामान मिळंना गेलंय. कंपनीनं बंद केलंय म्हणा. दसरा होऊस्तर ठिवून घ्या."

मी पाना खाली ठेवला. "म्हंजे तुझ्या बापाला मी खोटं बोलू?"

"खोटं कशाचं, अक्का? त्यांच्या भल्याचंच हाय की. मागं पडले तवा नशीब म्हणून वाचले. नागपूर का जवळ हाय? वाटंत काय झालं तर आमी कुठं धावायचं? मला लय फिकर व्हायलीय."

"हे त्यांना सांगितलास का?"

"ऐकायलेत कुठं! तोंड उघडलं की म्हणतात, तुझ्या जन्माच्या आधीपासून चालवायलो. शाळेत हेडमास्तर, घरात बी हेडमास्तर."

"मग हेडमास्तरला घाबरून तू शाळेची घंटा चोरणार, आणि तीबी माझ्या हातानं?"

"तुमाला काय जातंय बोलायला," मिलिंद उठला. "तुमचा बाप न्हाई तो."

"माझा असता तर तोंडावर सांगितलं असतं," मी म्हणाले. तो गेला.

त्याची काळजी खोटी नव्हती, हे मी तेव्हाही म्हणत होते आणि आजही म्हणते. गुरुजींचं वय झालंय. हात कापत नाहीत, पण पाय पूर्वीसारखे नाहीत. ते मला दिसत होतं. पण काळजी वाटते म्हणून माणसाला फसवायचं? ज्याने तुला अक्षर शिकवलं, त्याला समोर बसवून "आप्पा, मला भीती वाटते" एवढं म्हणायला जीभ झडते का? मी रागाने दिवसभर एकाच टॅपेटशी झटत बसले.

दसरा जवळ आला. एका रविवारी सकाळी गुरुजी गाडी ढकलत माझ्या अंगणात आले. सदरा घामाने चिकटला होता.

"शेवंताबाई, हिला काय झालं कळंना गेलंय. चालू होती, गल्लीच्या तोंडापर्यंत जाती, बंद पडती. जरा थांबलं की परत चालू. परत तिथंच बंद. प्लग बघितला, ठिणगीचे पॉइंट घासले, कार्बोरेटर धुतला."

मी त्यांना उपड्या बादलीवर बसवलं. जे बघायचं ते त्यांनी बघितलं होतं. चालू होऊन मरते, थांबलं की परत जगते, याचा अर्थ पेट्रोल येतं, पण लागतं तेवढं येत नाही. मी टाकीची नळी काढली आणि टाकीखालचा पेट्रोलचा कॉक उघडला. पेट्रोलची धार लागायला हवी होती. थेंब थेंब पडायला लागलं.

तेवढ्यात मिलिंद आला. "आप्पा, ढकलत कशाला आणली? मला सांगायचं न्हाई का?" असं म्हणत माझ्या समोर येऊन उभा राहिला. मग माझ्याकडे बघून, सावकाश, एकेक शब्द ठेवत म्हणाला, "अक्का, याचं सामान आता मिळत नसंल ना? सगळं बंदच झालंय म्हणं."

मी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. टाकी रिकामी केली, कॉक खोलला. कॉकच्या वरच्या टोकाला टाकीच्या आत एक जाळी असते, चहाच्या गाळणीसारखी. पेट्रोलमधली घाण तिथं अडते. त्या जाळीला पांढरा लगदा बसला होता. गंज तांबडा असतो. हे पांढरं होतं, खडे खडे होते, आणि तळाला बोटाला चिकटत होतं. जुन्या टाकीत थोडंफार पाणी साठतंच, त्यात भिजून ते चिकट झालं होतं. वर पेट्रोलात होते ते खडे जसेच्या तसे कोरडे.

"मीठ हाय का?" गुरुजी वाकून बघत म्हणाले.

"साबण असंल," मिलिंद म्हणाला. "टाकी धुताना राहिला असंल."

 टाकी विसळून आणखी बरंच निघालं. ते सगळं मी फडक्यावर काढून उन्हात पसरलं आणि कॉक धुवायला बसले. पेट्रोल उडून जायला ऊन पुरेसं होतं. गुरुजी बादलीवर, मिलिंद उभा. थोड्या वेळाने भिंतीच्या कडेने एक मुंगी आली, मग तिच्या मागून दुसरी. पेट्रोलच्या वासाने जरा घुटमळल्या. मग रांग लागली, फडक्यापर्यंत.

"साबणाला मुंग्या कवा लागल्या रे?" मी विचारलं.

मिलिंद मुंग्यांकडे बघत राहिला.

आता खरी अडचण माझी होती. गाडीतून निघालेलं मालकाच्या हातात. हा नियम वडिलांनी आमच्यावर आळ येऊ नये म्हणून केला होता. त्या नियमाने कधी काळी एखाद्या बापाच्या हातावर त्याच्या पोराची करणी ठेवावी लागेल, हे त्यांच्या मनात आलं नसेल. मी म्हणू शकले असते की कचरा होता, धुतला. घरात भांडण टळलं असतं. पण मग पुन्हा कधी मी कुणाच्या हातावर काही ठेवलं असतं, तर ते खरं आहे असं मला स्वतःला तरी वाटलं असतं का? मी फडक्याच्या एका कोपऱ्यातलं, मुंग्या न लागलेलं, चिमूटभर उचललं. आणि गुरुजींच्या तळहातावर ठेवलं.

गुरुजींनी चष्मा सारखा केला. बोटाने खडे पसरले. वास घेतला. मुंग्यांकडे बघितलं. मग हात तसाच पुढे धरून मिलिंदकडे वळले. कुणी घातली, असं त्यांनी विचारलं नाही.

"किती घातलास?"

"आप्पा, माझं ऐकून घ्या..."

"विचारलं तेवढं सांग. किती?"

"दोन वाट्या."

"का?"

"तिचा पाक व्हतो म्हणं. इंजिन जाम व्हतं म्हणं. कारखान्यातला एक जण म्हणला."

"पेट्रोलात साखर विरघळत न्हाई," गुरुजी म्हणाले. "तुला सातवीला विज्ञान कोण शिकवलं?"

मिलिंद खाली बघून म्हणाला, "तुमीच."

"तर मग."

मी आजवर पुष्कळ शिव्या ऐकल्यात आणि दिल्यातही, पण त्या "तर मग"सारखं काही ऐकलं नव्हतं. ऊस पिकवणाऱ्या, साखर काढणाऱ्या आमच्या गावात साखरेनेच असा घात करायचा, आणि तोही धड न करता.

मिलिंदचे डोळे भरले होते, पण आवाज चढला. "तुमी ऐकता का आमचं? विचारलं असतं तर थांबला असतात?"

गुरुजींनी विचार केला. खोटं बोलायची आदत त्यांनाही नाही. "न्हाई," म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "शेवंताबाई, तुमी सांगा. मी चालवावी का न्हाई?"

"मी कोण सांगणारी? माझा नियम तुमाला माहीत हाय."

मी जाळी बसवली, टाकीत स्वच्छ पेट्रोल घातलं, गाडी बाजूच्या स्टँडवर उभी केली आणि बाजूला झाले. गुरुजींनी हातावरची साखर परत फडक्यावर ठेवली आणि उठले. किक हळूच दाबली, खटका ओढला, सोडला आणि मारली. पहिल्याला नाही, दुसऱ्याला गाडी बोलायला लागली. तो आवाज माझ्या अंगणात भरला. गुरुजींनी गाडीवर बसून अंगणात एक वळसा घेतला, गियर बदलला, ब्रेक लावला. सगळं जिथल्या तिथं. मग बंद केली आणि मधल्या स्टँडवर चढवायला घेतली.

एक हात हँडलला, एक मागच्या कड्याला, उजवा पाय स्टँडच्या दांड्यावर. जोर दिला. गाडी थोडी उचलली आणि परत खाली आली. परत जोर दिला. गाडी डुलली. मिलिंद पुढे झाला.

"हात लावायचा न्हाई," मी ओरडले.

तिसऱ्यांदा गुरुजींच्या मानेच्या शिरा फुगल्या, पाय थरथरला आणि गाडी होती तिथंच राहिली. त्यांनी धोतराच्या सोग्याने तोंड पुसलं.

"न्हाई चढत," म्हणाले.

"गुरुजी," मी म्हणाले, "तुमाला चालवता येतं, उचलता येत न्हाई. वाटंत आडवी झाली तर तुमी तिच्याखाली. नियमानं गाडी देऊ नये, पण गावात उचलायला माणूस मिळंल, म्हणून गावात चालवा. गावाबाहेर एकट्यानं न्यायची न्हाई. मागं एक धडधाकट माणूस बसला पायजे."

"बरं," गुरुजी म्हणाले.

एवढंच. ज्या माणसाला सांगायला घरातल्यांची छाती होत नव्हती, त्याने एका शब्दात ऐकलं. साखर आणायला, टाकीचं झाकण उघडायला, दोन वाट्या ओतायला जेवढा वेळ लागला असेल तेवढाही यात गेला नाही. मला तेव्हा मिलिंदच्या कानाखाली द्यावीशी वाटली, आणि दिली नाही याचं मला आजही वाईट वाटतं.

गुरुजी मिलिंदला म्हणाले, "ऐकलास ना? मागं माणूस पायजे. तू बस. आपण दोघं जाऊ."

मिलिंदने माझ्याकडे बघितलं, गाडीकडे बघितलं.

"आप्पा, रजा मिळत न्हाई दसऱ्याच्या टायमाला."

"अर्ज केलास का?"

"केला तरी मिळत न्हाई."

फडक्यावरची साखर गुरुजींनी अंगणाच्या कडेला, मुंग्यांच्या रांगेपाशी झटकली. त्याच फडक्याला हात पुसले आणि गाडीवर बसून घरी गेले. मिलिंद मागून चालत गेला.

दसऱ्याला गुरुजी विहारातल्या मंडळींबरोबर रेल्वेने नागपूरला जाऊन आले. गाडीच्या पत्र्याच्या पेट्या त्यांनी काढल्या नाहीत. गाडी गावातल्या गावात चालते: बाजार, विहार, गोदावरीचा घाट आणि परत. रविवारी बनियनवर बसून चेन पुसणं चालू आहे. लोक म्हणतात, गुरुजी शहाणे, वेळेवर थांबले. मिलिंदही लोकांना तेच सांगतो. समजावलं म्हणून ऐकलं, म्हणतो. समजावलं!

मला राग कशाचा येतो ते नीट सांगते. मिलिंद दुष्ट नाही. तो बापाला औषध आणून देतो, डॉक्टरकडे नेतो. पण बापाने काय करायचं हे बापाला न विचारता ठरवायला त्याला काही वाटलं नाही, आणि बापाने सरळ "माझ्याबरोबर चल" म्हटलं तेव्हा काळजी कुठं गेली ते कळलं नाही. म्हाताऱ्या माणसाला हल्ली सगळेच असं वागवतात. मलाही. माझी सून माझा मोठा पाना लपवून ठेवायची, जड आहे म्हणून. मी शोधायची, सापडायचा, तिच्या हातात नेऊन द्यायची आणि म्हणायची, "काढलेलं मालकाला द्यायचं असतं. आता तू माझ्या हातात दे." ती द्यायची. आता तिने लपवणं सोडलं, विचारायला लागली. विचारलं की मी कधी कधी ऐकतेही.

मागच्या महिन्यात गुरुजींच्या क्लचची तार तुटली म्हणून मी त्यांच्या घरी गेले होते. काम झाल्यावर त्यांच्या सुनेने चहा आणला. तीन कप सारखे होते आणि एक वेगळा, काठाला निळी पट्टी असलेला. तो तिने गुरुजींपुढे ठेवला.

"आप्पानी साखर सोडलीय," ती मला म्हणाली. "दसऱ्याच्या आधीपासून. डॉक्टरनं काही सांगितलेलं न्हाई, तपासणीत बी काही न्हाई. घरातली साखर नको म्हणतात, बास."

मिलिंद दारात उभा होता. तो मोबाइलमध्ये बघायला लागला. गुरुजींनी कप उचलला, फुंकर मारली आणि शांतपणे प्यायले.

माझ्याकडे येतात तेव्हा मात्र बादलीवर बसून दोन चमचे घालून पितात.